दहा उजवीकडे, आठ डावीकडे

घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणाऱ्या, बाळंतिणींना तपासणाऱ्या त्रेचाळीस नर्स त्या दवाखान्यात होत्या, आणि त्यांच्या त्रेचाळीस सायकली होत्या. सायकली दुरुस्त करायची शेड दवाखान्याच्या मागे, धुण्याच्या खोलीला लागून होती. वर पत्रे, खाली ऑइलने काळी झालेली फरशी आणि दोन बाकं. एका बाकावर उंच्या. त्याचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कोणी वापरत नसे. तो ब्रेक, चेन आणि पॅडल बघायचा. दुसरं बाक मिस्त्रिणीचं. तिच्याकडे चाकं. सव्वीस वर्षं तिने चाकांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं आणि करायची इच्छाही नव्हती.

तिचं काम उभं राहून बघावं असं होतं. मागचं चाक आलं की ती ते जुन्या चादरीच्या तुकड्यावर आडवं ठेवी. डाव्या बाजूच्या कोनला, म्हणजे आतल्या निमुळत्या नटाला, पातळ पाना लावून तो घट्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्या पान्याने वरचा नट सैल करायचा. नट, वायसर, कोन जसे निघतील तसे एका तारेत ओवून ठेवायचे, म्हणजे बसवताना डोकं खाजवावं लागत नाही. उजव्या बाजूच्या कोनला हात लावायचा नाही. तो जागेवर राहिला की चाक पुन्हा नेमकं पहिल्यासारखं मध्यावर बसतं. मग चाक थोडं उचलून अ‍ॅक्सल उजवीकडून हळूच ओढायचा. इथे घाई केली की आतल्या पोलादी गोळ्या टपाटप गळतात, फरशीभर पळतात, आणि माणूस अर्धा दिवस बाकाखाली रांगत राहतो. मिस्त्रिणीची गोळी सव्वीस वर्षांत फरशीवर गेली नव्हती. केसांतला आकडा काढून ती ग्रीसमधली एकेक गोळी उचले. उजवीकडच्या गोळ्या एका झाकणात, डावीकडच्या दुसऱ्या झाकणात. बरोबर झिजलेल्या गोळ्यांची ताटातूट करायची नाही, हा तिचा नियम.

"हजेरी घेता की काय त्यांची?" उंच्या विचारायचा.

"घेते. आणि तुझ्यासारख्या उशिरा येत नाहीत त्या."

मागच्या चाकाच्या मध्याला दोन बाजूंना दोन कटोऱ्या, आणि एका कटोरीत गोळ्या नऊ. या कटोरीत नऊ, त्या कटोरीत नऊ. सगळ्या बसवल्या की एका गोळीच्या आसपास जागा उरलेली दिसते. नवशिक्याला वाटतं, एक हरवली वाटतं. हरवलेली नसते. ती मोकळी जागा असते म्हणून तर गोळ्या एकमेकींना न घासता फिरतात. दहावी कोंबली तर बसते, नाही असं नाही, पण गर्दीच्या बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसावा तशी बसते. कोणाच्या तरी खांद्यावर.

आणि असल्या बाईला परीक्षा द्यायला सांगितली. आता बोला!

झालं असं की वरून एक कागद आला. वरून म्हणजे कुठून, हे कोणालाच सांगता येत नाही. कागद मात्र येतात. महिनाअखेरपर्यंत बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाने कारागिरीची परीक्षा देऊन दाखला आणावा. दाखला नसेल त्याचं बाक काढून घ्यावं आणि त्याला केसपेपरच्या खोलीत फायली लावायला बसवावं. पगार तोच राहणार होता, हे कारकुनाने तिला दोनदा सांगितलं, जणू काही फार मोठी मेहेरबानी केली. मिस्त्रीण कागद वाचून शेडमध्ये आली आणि पाना बाकावर असा आपटला की धुण्याच्या खोलीतली बाई डोकावून बघायला आली.

"सव्वीस वर्षं मी काय गोट्या खेळत होते का इथे?"

घरी नवरा शिवणयंत्रावर होता. तो शिंपी, स्वभावाने थंड. त्याने पायडलवरचा पाय काढला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, पण तुला भीती कसली? चाकच उघडायचंय ना? तू तर झोपेतही उघडशील."

"भीती नाही वाटत हो. राग येतो. कोण बघणार माझं काम? ज्याने आयुष्यात एक चाक उघडलं नाही तो?"

"बघू दे की. बघून शिकेल."

यावर ती आणखीच चिडली.

उंच्याची पाळी तिच्या आधीच्या आठवड्यात आली. तो दाखला घेऊनच परतला. मिस्त्रिणीने त्याचं तोंड भरून कौतुक केलं. पण तो काही नेहमीसारखा बडबडेना. दुपारी चहा पिताना त्याने ग्लास खाली ठेवला.

"मिस्त्रीणबाई, एक सांगतो, चिडणार नसाल तर."

"चिडेन. सांग."

"तिथे परीक्षेचं एकच चाक आहे. त्यात उजवीकडे दहा गोळ्या निघतात आणि डावीकडे आठ. त्यांच्या उत्तरांच्या कागदावरही तेच छापलंय. दहा, आठ. जसं निघेल तसं लिहायचं, तसंच परत बसवायचं आणि घरी यायचं."

मिस्त्रिणीला आधी थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बघून कळलं की थट्टा नाही. "आणि तू लिहिलंस?"

"लिहिलं. इथे बसवताना नऊच बसवतो ना मी? कागदाला काय कळतंय?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुम्हीही लिहा. बाक राहील. तुमच्याशिवाय ही शेड म्हणजे नुसतं गोडाऊन होईल."

रात्री नवऱ्याचंही तेच मत पडलं. दोन आकड्यांसाठी बाक घालवू नकोस, म्हणाला.  तिचं बाक जावं असं तिलाही थोडंच वाटत होतं?

परीक्षेचा हॉल म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची खोली होती. भिंतीवर अजून शाईचे डाग. मध्ये लोखंडी टेबल आणि टेबलावर ते चाक. टायर नाही, ट्यूब नाही, फ्रीव्हीलही काढून ठेवलेलं. शेकडो लोकांनी पाने लावून लावून नटांचे कोपरे गोल झालेले. चाक इतकं उघडबंद झालेलं आणि रस्त्याचा एक खडा त्याला लागलेला नाही! मिस्त्रिणीला त्या चाकाची कीव आली. समोर परीक्षक साहेब बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात छापील कागद. माणूस वाईट वाटत नव्हता. "बसा, पाणी हवंय का?" असं विचारलंही त्यांनी.

तिने कामाला हात घातला. डावा कोन निघाला, अ‍ॅक्सल ओढायला घेतला, तोच साहेब म्हणाले, "थांबा. उजवा कोन?"

"तो नाही काढायचा. तो राहिला तर चाक मध्यावर राहतं."

"इथे लिहिलंय, दोन्ही कोन काढावेत." त्यांनी कागदावर बारीकशी फुली मारली.

मिस्त्रिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने दात आवळून धरले. आकड्याने गोळ्या वेचल्या. डावीकडच्या झाकणात आठ. उजवीकडच्या झाकणात दहा. उजवीकडची पहिलीच गोळी उचलायला बळ लावावं लागलं होतं, इतक्या त्या दाटून बसल्या होत्या. दहावी गोळी चिमटीत धरून मिस्त्रीण तशीच थांबली.

सव्वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट तिला आठवली. शेडमध्ये तेव्हा तिचे मामा मिस्त्री होते आणि ही त्यांच्या हाताखाली नवी. मामा तापाने पडले आणि एका नर्सचं चाक हिने एकटीने भरलं. नऊ गोळ्या बसवल्यावर ती मोकळी जागा तिच्या डोळ्यांना खुपू लागली. काम अपुरं दिसायला नको म्हणून तिने दहावी गोळी कोंबली. मोठ्या कौतुकाने कोंबली! आठ दिवसांनी दवाखान्याच्या उतारावर ती गोळी फुटली, चाक जाम झालं आणि नर्स तोंडावर आपटली. समोरचे दोन दात गेले. ऑफिसात विचारणा झाली तेव्हा ती नर्स तोंडात कापूस धरून म्हणाली, "दगड आडवा आला." मग सायकल ढकलत शेडमध्ये आली आणि हिला म्हणाली, "उघड. आणि बघ." दोघींनी मिळून बघितलं. नर्स पुढे एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि निवृत्त होईपर्यंत नाही. तिच्या त्या दगडामुळे मिस्त्रिणीचं बाक राहिलं होतं.

"साहेब," मिस्त्रीण म्हणाली, "हे चाक चुकीचं भरलंय."

"भरलंय म्हणजे? आहे तसं आहे ते." साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "हे बघा. उजवी दहा, डावी आठ. बेरीज अठरा."

"बेरीज बरोबर आहे हो! नऊ आणि नऊ पण अठराच होतात. कोणीतरी परत बसवताना इकडची एक गोळी तिकडे टाकली आणि तुम्ही ती मोजून छापून ठेवलीत."

"बाई, हा कागद तज्ज्ञांनी तयार केलाय."

"मग त्या तज्ज्ञांना बसवा या चाकावर आणि सोडा उतारावरून."

साहेबांना हसू आलं नाही. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजवर तीनशेच्या वर लोकांनी हे चाक उघडलं. सगळ्यांनी दहा-आठ लिहिलं. ते सगळे चुकीचे आणि तुम्ही एकट्या बरोबर?"

"त्यातल्या निम्म्यांना माहीत होतं. तुम्हाला घाबरून लिहिलं त्यांनी. हे चाक कधी रस्त्यावर गेलंय का, सांगा मला."

"परीक्षेचं चाक रस्त्यावर कशाला जाईल?"

 मिस्त्रिणीने कटोऱ्या पुसल्या, नवं ग्रीस भरलं, नऊ गोळ्या उजवीकडे बसवल्या, नऊ डावीकडे. अ‍ॅक्सल घातला, कोन हाताने टेकेपर्यंत आवळला, किंचित मागे घेतला, नट लावला. चाक उभं धरून बोटाने ढकललं. ते फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. साहेब चाकाकडे बघतच नव्हते, ते तिच्या कागदाकडे बघत होते. तिने दोन्ही चौकटींत ठळक नऊ लिहिला होता.

"ही दोन उत्तरं चुकली तर पास करता येत नाही मला," साहेब म्हणाले. "संध्याकाळी निकाल पाठवायचाय. अजून विचार करा. खोडायला वेळ आहे."

"माझा विचार सव्वीस वर्षांपूर्वीच झालाय." ती उठली, पाने पिशवीत टाकले आणि बाहेर पडली.

 आवारातल्या नळावर ती हात धुवत राहिली. ग्रीस केव्हाच गेलं होतं. बाक गेलं, हे आता तिला कळत होतं. सोमवारी आपण फायलींना दोरे बांधत बसणार आणि आपल्या बाकावर दुसरं कोणीतरी. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच संताप येत होता.

तेवढ्यात मागून खर्र-खर्र असा आवाज आला. साहेब आपली सायकल ढकलत येत होते. तो आवाज ऐकताच तिने नळ बंद केला.

"थांबा," ती म्हणाली. "मागचं चाक किती दिवस असं बोलतंय?"

"झालं की वर्ष. हल्लीचा मालच असला येतो."

"उघडला होतात चाकाचा मधला हब?"

"हो. मीच." साहेबांच्या आवाजात जरा अभिमान होता. "दुकानातून नव्या गोळ्या आणल्या, अठरा. आणि अगदी पद्धतशीर बसवल्या."

मिस्त्रिणीने त्यांच्या हातातून सायकल काढूनच घेतली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. पण ते चाक तसं जाऊ देणं तिच्याने होईना. तिथेच नळापाशी तिने सायकल उलटी केली, चाक सोडवलं, रुमाल पसरला, अ‍ॅक्सल ओढला आणि आकड्याने गोळ्या वेचायला लागली. साहेब वाकून बघत होते.

"मोजा," ती म्हणाली. "मोठ्याने."

साहेबांनी उजवीकडच्या मोजल्या. नऊपर्यंत आवाज नीट होता. दहा म्हणताना तो बसला. दहावी गोळी एका बाजूने तडकली होती. डावीकडच्या त्यांनी मोजल्याच नाहीत.

"पडलात कधी यावरून?"

साहेबांनी नकळत कोपर चोळला. तिथे जुना व्रण होता. "एकदा. रस्ता खराब होता."

"रस्ता खराब होता!" मिस्त्रीण कडाडली. "अहो, दुकानदाराने नऊ-नऊ हिशेबाने दिल्या, चाकाने वर्षभर ओरडून सांगितलं, तुमच्या हाडाने सांगितलं, तरी तुम्ही विश्वास ठेवलात तो त्या कागदावर! आणि मला विचार करायला सांगता?"

तडकलेल्या गोळीच्या जागी तिने आपल्या डबीतली एक घातली. नऊ इकडे, नऊ तिकडे. चाक परत चढवलं, चेन बसवली आणि पॅडल फिरवलं. मागचं चाक सुळसुळत फिरलं. साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बॅगेतून तिचा कागद काढला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "असं करू. तुमचे नऊ-नऊ मी खोडतो आणि दहा-आठ लिहितो. माझ्याच हाताने. तुम्ही पास. तुम्हाला काहीच लिहायचं नाही."

बाक समोर होतं. हात पुढे केला की मिळणार होतं. क्षणभर मिस्त्रिणीला शेड दिसली, तारेत ओवलेले नट दिसले. मग ती इतकी संतापली की तिचा आवाजच खाली आला.

"साहेब, माझ्या बाकासाठी एकदा एक बाई खोटं बोलली. तिचे दोन दात गेले होते, तिला तो हक्क होता. तुम्हाला नाही. नऊ लिहून पास करा, नाहीतर नऊ ठेवून नापास करा. माझ्या नऊला हात लावायचा नाही."

"उत्तरपत्रिका मला बदलता येत नाही हो. वर विचारावं लागतं."

"मग विचारा."

"वर कोणाला विचारायचं?" साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच ते माहीत नव्हतं.

त्यांनी सायकल सरळ करून कागद सीटवर ठेवला आणि पेन काढलं. सायकल डुगडुगत होती, म्हणून मिस्त्रिणीनेच हँडल धरलं. साहेब लिहीपर्यंत तिने ते सोडलं नाही. नापास. खाली सही.

सोमवारपासून ती केसपेपरच्या खोलीत बसू लागली. चाकांचं काम उंच्याकडे गेलं. तो नऊच बसवत होता, पण त्याला दोन बाकांचं काम झेपेना आणि सायकलींची रांग धुण्याच्या खोलीपर्यंत गेली. बुधवारी दुपारी तो फायलींच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला.

"तुमचं ते नऊ-नऊचं चाक," तो म्हणाला, "गेलं."

"गेलं म्हणजे?"

"परीक्षेच्या हॉलचा शिपाई भेटला होता. तुमच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी साहेब म्हणे तासभर आधीच आले. बाह्या वर केल्या, चाक उघडलं, डावीकडची एक गोळी काढली आणि उजवीकडे कोंबली. कागदाशी जुळायला हवं ना. बसता बसत नव्हती म्हणे, पान्याच्या मागच्या टोकाने ठोकून बसवली."

मिस्त्रिणीने फायलीचा दोरा सोडला. 

"आणि आले कशावरून?" तिने विचारलं.

"सायकलवरून."

"आवाज?"

उंच्याने मान खाली घातली. "नाही. शिपाई म्हणाला, आले ते कळलंच नाही."